गोळी सोसत नाही तेव्हा: मनाच्या आजाराची औषधं आणि जनुकीय चाचणी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मानसोपचाराच्या कुठल्याही ओपीडीत दोन तक्रारी हटकून ऐकू येतात. एक, "गोळी लागूच पडत नाही." दुसरी, "गोळी सोसत नाही." सोसत नाही म्हणजे डोकं जड होतं, हात थरथरतात, मळमळतं, दिवसभर झोप येते; घरची मंडळी म्हणतात, औषध उष्ण पडलं. मग पहिली गोळी बंद, दुसरी सुरू. ती चढवायला दोन-तीन आठवडे, गुण दिसायला आणखी तीन-चार. तिचाही उपयोग झाला नाही की तिसरी. भातलावणीला सुरू झालेले उपचार आंब्याला मोहोर आला तरी मार्गी लागलेले नसतात, आणि तोवर माणूस कामाला मुकलेला असतो.

हे फक्त इथेच होतं असं नाही. नैराश्यावरच्या औषधांचा अमेरिकेत 'स्टार-डी' नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात पहिल्या औषधाने आजार पूर्ण आटोक्यात आलेले रुग्ण साधारण एक तृतीयांशच होते. बाकीच्यांना औषध बदलावं लागलं किंवा जोडीला दुसरं द्यावं लागलं.

अशा वेळी मुंबईतला चाकरमानी मुलगा व्हॉट्सॲपवर एक जाहिरात पाठवतो: गालाच्या आतून काडी फिरवा, तुमच्या जनुकांना कुठलं औषध मानवेल ते कळेल. या चाचणीला फार्माकोजेनॉमिक चाचणी म्हणतात. लॅबवाले 'पीजीएक्स' म्हणतात. चाचणी खरी आहे, तिच्यामागचं विज्ञानही पक्कं आहे. पण जाहिरातीत जे लिहिलेलं असतं ते ती करत नाही. ती औषध निवडून देत नाही. अमुक औषध तुमच्या शरीरात किती साठेल, आणि एक-दोन औषधांनी जिवावरचा धोका आहे का, एवढंच ती सांगते. काही रुग्णांच्या बाबतीत मात्र हे 'एवढंच' फार मोलाचं असतं.

उघाडी किती रुंद

खारजमिनीच्या बांधाला उघाडी असते. ओहोटीला तिचं दार उघडतं आणि शेतात साचलेलं पाणी खाडीत जातं. पाऊस सगळ्यांच्या शेतात तेवढाच पडतो, पण ज्याची उघाडी अरुंद त्याचं भात पाण्याखाली राहतं, आणि ज्याची फार रुंद त्याच्या वाफ्यात पाणी ठरतच नाही. रोजची गोळी म्हणजे पाऊस. औषधाचा निचरा करणारे यकृतातले घटक, म्हणजे एन्झाइम, ही उघाडी. रक्तात औषध किती राहील हे जसं गोळीच्या मिलिग्रॅमवर ठरतं, तसंच ते उघाडीच्या रुंदीवरही ठरतं, आणि ही रुंदी बऱ्याच अंशी आईवडिलांकडून आलेली असते.

मनाच्या आजारांच्या औषधांसाठी दोन उघाड्या सर्वांत महत्त्वाच्या. पहिली सीवायपी-२सी१९. एसिटालोप्राम, सिटालोप्राम आणि बऱ्याच प्रमाणात सर्ट्रालिन ही नैराश्यावरची औषधं हिच्यातून बाहेर जातात. दुसरी सीवायपी-२डी६. पॅरोक्सेटिन, फ्लूओक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन, नॉरट्रिप्टिलिन, ॲरिपिप्राझोल, रिस्पेरिडोन आणि मुलांना एडीएचडीसाठी दिलं जाणारं ॲटोमॉक्सेटिन ही तिच्या वाट्याची. अमिट्रिप्टिलिनला दोन्ही लागतात.

रिपोर्टमध्ये माणसांचे साधारण चार प्रकार दिसतात. पुअर मेटाबोलायझर म्हणजे उघाडी जवळजवळ बंद. इंटरमीडिएट म्हणजे अर्धवट उघडी. नॉर्मल म्हणजे नेहमीसारखी. रॅपिड किंवा अल्ट्रारॅपिड म्हणजे फार मोठी. 'पुअर' हा शब्द वाचून घरचे घाबरतात, तसं काही नाही. हा आजार नाही, यकृत खराब आहे असंही नाही. त्या माणसाला औषध घ्यावं लागलं नसतं तर ही गोष्ट जन्मभर कळलीही नसती.

परदेशी माहिती वाचताना एक फरक लक्षात ठेवायला हवा. २डी६ची उघाडी बंद असणारे लोक युरोपीय वंशात शंभरात पाच ते दहा असतात, भारतीयांत दोन-तीन. २सी१९चं उलट आहे: तिकडे शंभरात दोन-तीन, आपल्याकडे साधारण दहात एक. त्यामुळे इंग्रजी लेखांत २डी६चा जो गवगवा असतो, त्यापेक्षा आपल्या माणसांसाठी २सी१९ची ओळ जास्त कामाची.

ही रुंदी काय फरक पाडते त्याचं उदाहरण ॲरिपिप्राझोलचं घ्या. नेहमीच्या माणसात अर्धं औषध शरीराबाहेर जायला सुमारे ७५ तास लागतात. २डी६ पुअर असलेल्यात १४६ तास. औषधाची रक्तातली पातळी एका जागी स्थिर व्हायला अशा पाच फेऱ्या लागतात, म्हणजे एकाला पंधरा-सोळा दिवस आणि दुसऱ्याला महिना. आठ दिवसांत फरक दिसला नाही म्हणून या दुसऱ्या माणसाची मात्रा वाढवली, पुन्हा आठ दिवसांनी वाढवली, तर पाणी चढतच राहतं आणि तिसऱ्या आठवड्यात त्याला एका जागी बसवत नाही, सारखा येरझाऱ्या घालतो. घरच्यांना वाटतं आजार वाढला. वाढलेलं असतं औषध. म्हणूनच ॲरिपिप्राझोलच्या अधिकृत माहितीपत्रकात अशा रुग्णांना नेहमीच्या निम्मी मात्रा सांगितली आहे.

रिपोर्टमधली एक ओळ

समजा रिपोर्टात लिहिलंय: सीवायपी-२सी१९, स्टार २ / स्टार २, पुअर मेटाबोलायझर.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. 'स्टार' पुढचा आकडा म्हणजे त्या प्रतीचा नमुना. २सी१९मध्ये स्टार १ म्हणजे नेहमीची चालू प्रत, स्टार २ आणि स्टार ३ निकामी, स्टार १७ जास्त वेगवान. वरच्या माणसाला दोन्हीकडून निकामी प्रत आली आहे. १/२ असतं तर इंटरमीडिएट, १/१७ असतं तर रॅपिड, १७/१७ असतं तर अल्ट्रारॅपिड.

आता या माणसाला एसिटालोप्राम द्यायचं असेल तर? जनुकं आणि औषधं यांवर जगभरातले डॉक्टर ज्या मार्गदर्शक सूचना वापरतात त्या 'सीपिक' या गटाच्या. त्यांच्या २०२३च्या सूचनेनुसार, शक्य असेल तर २सी१९वर अवलंबून नसलेलं दुसरं औषध पाहावं. एसिटालोप्रामच योग्य वाटलं तर सुरुवात कमी मात्रेने करावी, सावकाश चढवावं आणि पुढे चालू ठेवायची मात्रा नेहमीच्या निम्मी धरावी. म्हणजे ज्याला एरवी १० मिलिग्रॅमवर सुरू करून २०पर्यंत नेलं असतं, त्याला ५वर सुरू करून १०च्या आसपास थांबावं लागेल. सिटालोप्रामबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, अशा रुग्णांना दिवसाला २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादाच घातली आहे, कारण जास्त साठलं तर हृदयाच्या ठोक्याची लय बिघडू शकते. ईसीजीत 'क्यूटी' नावाचं अंतर वाढलेलं दिसतं ते हेच.

उलट, १७/१७ असलेल्या माणसाला तेच १० मिलिग्रॅम पाण्यात मीठ टाकून खाडीत सोडल्यासारखं. तो महिनोन्‌महिने इमानाने गोळी घेतो, रक्तात मात्र पुरेशी पातळी येतच नाही. त्याला 'मन लावून औषध घेत नाहीस' असं ऐकवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

याच रिपोर्टमध्ये एक खाच आहे, ती फार थोडे लॅबवाले समजावून सांगतात. स्टार १ हा शोधलेला नमुना नसतो. लॅबने जे ठरावीक बदल तपासले, त्यातला एकही सापडला नाही की प्रतीला स्टार १ म्हटलं जातं. जी लॅब पाचच बदल तपासते तिच्याकडे जास्त लोक 'नॉर्मल' निघतात. २डी६ तर त्याहून किचकट: काहींच्या शरीरात हे जनुक मुळातच नसतं, काहींच्यात दोनाऐवजी तीन-चार प्रती असतात, आणि शेजारीच त्याच्यासारखं दिसणारं एक निकामी जनुक असतं जे चाचणीला फसवतं. म्हणून पैसे भरण्याआधी लॅबला विचारा: २डी६च्या प्रतींची संख्या मोजता का? उत्तर नाही आलं तर त्या रिपोर्टमधल्या २डी६च्या ओळीवर फार भिस्त ठेवू नका.

लाल, पिवळा, हिरवा

बहुतेक कंपन्या शेवटी एक रंगीत तक्ता देतात. हिरव्या रकान्यात 'वापरा', पिवळ्यात 'जपून', लालमध्ये 'टाळा'. सगळ्यात जास्त नुकसान या तक्त्याने होतं.

हिरवा रंग म्हणजे 'हे औषध गुण देईल' असं नाही. त्याचा अर्थ एवढाच की या औषधाच्या बाबतीत जनुकांत अडचण दिसली नाही. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाच्या तक्त्यात नैराश्याची दहा औषधं हिरवी असली तरी त्याच्या आजाराला त्यांचा उपयोग काय?

लाल रंगही तसाच फसवा. रिस्पेरिडोनचं उदाहरण पाहा. २डी६ पुअर माणसात रिस्पेरिडोन साठतं, म्हणून काही तक्ते ते लाल दाखवतात. पण हा एन्झाइम रिस्पेरिडोनचं जे रूपांतर करतो तेही औषधच असतं. पॅलिपेरिडोन या नावाने ते वेगळं विकलंही जातं. मूळ औषध जास्त राहिलं तर रूपांतर कमी होतं, त्यामुळे दोहोंची बेरीज फारशी बदलत नाही. काही रुग्णांना मात्रा थोडी कमी करावी लागते, पण दोन वर्षं रिस्पेरिडोनवर बरा असलेला, होडीवर कामाला जाणारा माणूस निव्वळ लाल रकाना पाहून औषध बंद करतो आणि महिन्या-दीड महिन्यात पुन्हा आवाज ऐकू येऊ लागतात, ही टाळता येणारी गोष्ट आहे. चालू असलेलं आणि मानवलेलं औषध रिपोर्टमुळे बंद करायचं नाही. पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन झटक्यात सोडलं तर चक्कर येते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं. क्लोनाझेपामसारखी गोळी बरेच दिवस घेऊन अचानक सोडली तर फिट येऊ शकते.

तक्त्यात आणखी काही नावं दिसतील: एसएलसी६ए४, एचटीआर२ए, एमटीएचएफआर. ऐकायला भारदस्त. पहिल्या दोन जनुकांवरून नैराश्याचं औषध ठरवावं असा पुरावा नाही, असं सीपिकने २०२३मध्ये स्पष्टच म्हटलं. एमटीएचएफआरच्या नावाखाली महागडी व्हिटॅमिनं विकली जातात. त्याचाही पाया कच्चा आहे.

जिथे चाचणी आधीच करावी: कार्बामाझेपिन

या सगळ्यात एक चाचणी वेगळी काढून ठेवावी अशी आहे. तिचा उघाडीशी संबंध नाही.

कार्बामाझेपिन हे फिटसाठी, चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या कळांसाठी आणि बायपोलर आजारातल्या उन्मादासाठी वापरलं जाणारं जुनं, स्वस्त, उपयोगी औषध. फार थोड्या लोकांत ते स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम नावाची भयंकर प्रतिक्रिया घडवतं. सुरुवात साधी असते: ताप, घसा दुखणं, डोळे लाल. पावसाळ्यात तर घरच्यांना आणि जवळच्या डॉक्टरांनाही वाटतं, व्हायरल असेल, लेप्टो असेल. मग तोंडात आणि ओठांवर फोड, अंगावर गडद लाल चट्टे, आणि भाजल्यासारखी त्वचा सुटते. माणूस दगावू शकतो. वाचला तरी डोळ्यांना कायमची इजा राहू शकते. हे बहुतेक वेळा औषध सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत होतं.

एचएलए-बी स्टार १५:०२ हा जनुकाचा नमुना असलेल्यांत हा धोका कैक पटींनी जास्त असतो. युरोपीय लोकांत तो जवळजवळ नसतो, आग्नेय आशियात बराच असतो. औषधाच्या माहितीपत्रकानुसार भारतीयांत सरासरी शंभरात दोन ते चार जणांत तो आढळतो, काही समाजगटांत त्याहून जास्त. एफडीएने २००७मध्येच सांगितलं की आशियाई वंशाच्या रुग्णांना कार्बामाझेपिन सुरू करण्याआधी ही तपासणी करावी. नमुना सापडला तर हे औषध द्यायचं नाही. ऑक्सकार्बाझेपिन आणि फेनिटॉइनबद्दलही तेवढीच सावधगिरी हवी.

ही तपासणी मोठ्या पॅनेलमध्ये असतेच असं नाही. 'शंभर औषधांचा रिपोर्ट' घेतला आणि त्यात नेमकी हीच नाही, असं होतं. ती सुटी मिळते. डॉक्टरांना 'एचएलए-बी १५०२' असं नाव घालून चिठ्ठी द्यायला सांगा. जो माणूस वर्षानुवर्षं कार्बामाझेपिन घेतोय आणि काही झालेलं नाही, त्याला आता धोका फार कमी. त्याने रिपोर्टसाठी धावपळ करू नये. आणि तपासणी निगेटिव्ह आली तरी पहिले तीन महिने ताप आणि पुरळ एकत्र दिसलं की गोळी थांबवून त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठायचं, कारण हा एकच नमुना सगळा धोका सांगत नाही.

फिट आणि बायपोलर आजारासाठी दिल्या जाणाऱ्या लॅमोट्रिजिननेही असंच पुरळ येतं, पण तिथे कारण बहुतेकदा घाई असते. हे औषध २५ मिलिग्रॅमवर दोन आठवडे, मग ५०वर दोन आठवडे असंच चढवायचं असतं. सोबत व्हॅल्प्रोएट चालू असेल तर सुरुवात एक दिवसाआड २५ने. चार-पाच दिवस गोळ्या चुकल्या तर पुन्हा पहिल्या पायरीपासून, डॉक्टरांना विचारून. मुंबईहून गणपतीला आलेला रुग्ण गोळ्या तिकडेच विसरतो आणि परत गेल्यावर एकदम पूर्ण मात्रा घेतो, ते घातक आहे.

विडी, आंबटपित्ताची गोळी आणि पपनस

रिपोर्ट उघाडीची जन्मजात रुंदी सांगतो. आज तिच्यापुढे कुणी फळी टाकून ठेवली आहे का, ते सांगत नाही.

फ्लूओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन स्वतःच २डी६ची उघाडी बुजवतात. रिपोर्टमध्ये नॉर्मल असलेला माणूस या गोळ्यांवर असताना पुअरसारखा वागतो. फ्लूओक्सेटिन थांबवल्यावरही हा परिणाम काही आठवडे टिकतो. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल ही पित्ताची औषधं २सी१९ बुजवतात. ओमेप्राझोल सोबत घेतलं तर एसिटालोप्रामची पातळी साधारण निम्म्याने वाढते. कोकणात पित्ताची गोळी ही औषध समजलीच जात नाही. डॉक्टरांनी विचारलं तरी लोक सांगत नाहीत. पँटोप्राझोलने हा अडथळा फार कमी होतो, म्हणून गरज असेल तर तसं विचारून बदलून घ्यावं.

विडीचं गणित उलटं आहे. क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही स्किझोफ्रेनियाची औषधं ज्या सीवायपी-१ए२ मधून बाहेर जातात, त्या उघाडीला विडी-सिगारेटचा धूर आणखी रुंद करतो. हे काम निकोटिनचं नाही, जळण्यातून येणाऱ्या घटकांचं आहे. तंबाखू चघळण्याने किंवा निकोटिनच्या गोळीने हे होत नाही. आता पाहा: दिवसाला वीस विड्या ओढणारा माणूस भरती होतो, विडी बंद होते. आठवड्याभरात उघाडी आकसते आणि तीच क्लोझापिनची मात्रा रक्तात दीडपट होऊ शकते. लाळ गळते, सुस्ती येते, तोल जातो, फिटही येऊ शकते. मग मात्रा कमी केली जाते. घरी गेला, विडी सुरू, पातळी खाली, आजार वर. अशा माणसाच्या घरच्यांनी दर भेटीला विड्यांचा आकडा सांगावा, वजनाइतकाच महत्त्वाचा समजून. विडी सोडायची असेल तर जरूर सोडावी, फक्त आधी डॉक्टरांना कळवून.

क्लोझापिनवरच्या रुग्णाला पावसाळ्यात ताप आला तर दुहेरी सावध राहा. संसर्गातही पातळी वाढते, आणि जवळच्या दवाखान्यातून सिप्रोफ्लॉक्सासिन मिळालं तर ते १ए२ बुजवून ती आणखी चढवतं. शिवाय या औषधाने पांढऱ्या पेशी घसरू शकतात, त्यामुळे ताप-घसा असला की त्याच दिवशी पेशींची तपासणी. टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर अनेक औषधांची पातळी निम्म्याहून खाली जाते.

पपनस हे ग्रेपफ्रूटच्याच कुळातलं. ग्रेपफ्रूटने कार्बामाझेपिनची पातळी वाढते हे माहीत आहे. तेच घटक पपनसातही असतात. गणपतीच्या दिवसांत दोन फोडी खाल्ल्या म्हणून काही बिघडत नाही, पण आठवडाभर रोज एक फळ संपवू नये.

आणि बायपोलर आजारातलं लिथियम. ते यकृतातून जातच नाही, सरळ मूत्रपिंडातून बाहेर पडतं. त्यामुळे उघाड्यांचा कुठलाही रिपोर्ट लिथियमबद्दल काहीही सांगू शकत नाही. त्यासाठी रक्तातली पातळी मोजायची: शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं, साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटरच्या दरम्यान हवी. मे महिन्यात बागेत किंवा होडीवर घाम गाळला आणि पाणी-मीठ कमी पडलं, किंवा गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक घेतलं, की ही पातळी चढते. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, पाय लटपटणं दिसलं तर लिथियम थांबवून लगेच दवाखाना.

पुरावा किती

अभ्यास सांगतात त्याहून जास्त आशा लावू नये, म्हणून दोन आकडे. अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांवर झालेला १,९४४ जणांचा अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. चाचणी झालेल्या गटात डॉक्टरांनी जनुकांशी न जुळणारी औषधं बरीच टाळली. नैराश्य आटोक्यात येण्यात मात्र थोडाच फरक पडला, आणि २४व्या आठवड्याला तोही टिकला नाही. २०२३मध्ये युरोपातल्या सात देशांतल्या ६,९४४ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात फक्त मानसिक आजार नव्हते, सगळ्या प्रकारची औषधं होती. बारा जनुकं पाहून मात्रा ठरवल्याने त्रासदायक दुष्परिणाम साधारण ३० टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे 'लागू पडत नाही' यापेक्षा 'सोसत नाही' या तक्रारीला ही चाचणी जास्त उपयोगी. एफडीएनेही २०१८मध्ये लोकांना जाहीर सूचना दिली होती की नैराश्याचं औषध कोणतं चालेल हे सांगण्याचा दावा करणाऱ्या अनेक चाचण्यांना पुरेसा आधार नाही.

करायची कधी, कशी

सुरुवात चाचणीने करायची नसते. आधी पाहायचं की गोळी रोज घेतली जाते का, पूर्ण मात्रेवर सहा आठवडे झाले का, दारू आहे का, थायरॉइड आणि बी-१२ तपासलं का, आणि नैराश्य म्हणून ज्यावर उपचार चालू आहेत तो खरं तर बायपोलर आजार तर नाही. 'लागू पडत नाही' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं उत्तर इथेच सापडतं, आणि ते कमी खर्चात. क्लोझापिन, व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन चालू असेल तर रक्तातली पातळी मोजणं जनुकीय चाचणीपेक्षा जास्त सांगून जातं, कारण त्यात विडी, पित्ताची गोळी, चुकलेले डोस सगळं आलेलं असतं.

मग उरतात ती माणसं ज्यांना अगदी लहान मात्रेलाही भयंकर त्रास होतो, ज्यांची नीट दिलेली दोन औषधं फसली आहेत, ज्यांना एकाच वेळी सात-आठ औषधं चालू आहेत, किंवा ज्यांच्या सख्ख्या भावंडाचा रिपोर्ट पुअर आला आहे. यांना २सी१९ आणि २डी६ ही दोन जनुकं पुरेशी आहेत. शंभर जनुकांच्या पॅकेजला जास्त पैसे मोजायची गरज नाही.

नमुना देताना औषध बंद करायचं नाही आणि उपाशीही राहायचं नाही, जनुकं औषधाने बदलत नाहीत. गालाची काडी असेल तर आधी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका, पान-तंबाखूही नको. चूळ भरा, मग प्रत्येक गालाच्या आतून अर्धा मिनिट घट्ट फिरवा. आपल्याकडच्या दमट हवेत ओली काडी तशीच पाकिटात बंद केली तर बुरशी धरते आणि नमुना वाया जातो. किटमध्ये द्रावणाची नळी नसेल तर सूचनेप्रमाणे वाळवून मगच बंद करा. रक्त द्यायचं असेल तर जांभळ्या बुचाच्या नळीत २-३ मिलिलिटर, नळी आठ-दहा वेळा हळू उलटीसुलटी करून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. फ्रीझरमध्ये नाही. कुडाळ, देवगड, गुहागरहून नमुने मुंबई-पुण्याला जातात. जुलैत घाट बंद पडला की पार्सल अडकतं, तेव्हा काडी किंवा थुंकीचं किट रक्तापेक्षा सोयीचं. नुकतंच रक्त चढवलं असेल तर लॅबला सांगा. लॅबकडे एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का ते पाहा, आणि रिपोर्टमध्ये रंगांसोबत स्टारचे आकडे छापून मिळतील का हे पैसे देण्याआधी विचारा. आकडे नसलेला रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरच्या काही कामाचा नसतो.

रिपोर्ट आला की तो मानसोपचारतज्ज्ञांसमोर सगळ्या गोळ्यांच्या पिशवीसकट ठेवायचा: पित्ताच्या, बीपीच्या, वैद्यांच्या काढ्यासकट. खाजगी डॉक्टर जवळ नसतील तर जिल्हा रुग्णालयाचा मानसिक आरोग्य विभाग आहे, रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि १४४१६ या टेलिमानसच्या मोफत नंबरवर दिवसरात्र मराठीत बोलता येतं. मात्रा बदलायचा निर्णय मात्र समोरासमोर पाहणाऱ्या डॉक्टरांचाच. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. घरच्यांनीही तो कागद सोयरिकीच्या चर्चेत फिरवू नये. या चाचणीवरून आजार आहे-नाही किंवा मुलांना होईल-नाही हे कळत नाही.

ही चाचणी आयुष्यात एकदाच करावी लागते, म्हणून रिपोर्ट जपा. एक प्रत गावच्या घरी फाइलमध्ये, एक फोटो मुंबईतल्या मुलाच्या फोनमध्ये. उद्या छातीत दुखून हृदयात स्टेंट बसवायची वेळ आली, तर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून नेहमी दिलं जाणारं क्लोपिडोग्रेल काम करण्यासाठी याच २सी१९वर अवलंबून असतं, आणि इथे पुअर माणसात औषध साठत नाही, तर नीट चालूच होत नाही. तातडीच्या कक्षात "यांचा २सी१९ पुअर आहे" एवढं कुणी सांगितलं, तर हृदयरोगतज्ज्ञ प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉरचा विचार तिथल्या तिथे करू शकतात.